नोकरी सुटल्यावर येणारा कॅन्सर आणि भरपाईचा हक्क

(कोल्हापुरात निवृत्त कामगारांपुढे एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज ॲस्बेस्टॉसवर, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या तंतुमय खनिजावर, बोलायचं ठरलं तेव्हा तुमच्यापैकीच एकांनी मला विचारलं, "वकीलसाहेब, कोल्हापुरात ॲस्बेस्टॉसचा कारखाना आहे कुठं?" तिथूनच सुरुवात करतो, कारण उद्या तुम्ही भरपाई मागायला गेलात तर समोरचा वकीलही हाच प्रश्न विचारणार आहे.

कारखाना नव्हता, पण माल होता. साखर कारखान्यात बॉयलर खात्यात काम केलेले लोक इथं बसलेत. गळीत हंगाम संपला की दुरुस्तीचं काम निघायचं. वाफेच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं आवरण, छिन्नी-हातोड्यानं पाडायचं. पांढरा भुगा केसांत, कानांत, बनियनच्या आत. मग नवी पावडर पाण्यात कालवायची आणि हातानं पाइपवर लिंपायची. व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये दोरी भरायची, गॅस्केट कापायचं. त्या काळात या मालातला बराचसा ॲस्बेस्टॉसचा असायचा. फौंड्रीत भट्टीपुढं वापरायचे हातमोजेही त्याचेच असायचे. गॅरेजमध्ये ब्रेकचा ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवणारी पोरं आठवा. सिमेंटचे पत्रे करवतीनं, पुढं कटरनं कापणारे गवंडी आठवा. मास्क कुणी दिला होता? तोंडाला रुमाल बांधला की झालं.

कायदा इथं कामगाराच्या बाजूचा आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे, व्यवसायजन्य आजारांची यादी. त्यात ॲस्बेस्टॉसमुळं होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, हे दोन्ही आहेत. कोणत्या कामात? तर ज्या ज्या कामात त्या धोक्याशी संबंध येतो, अशा सर्व कामांत. कारखाना ॲस्बेस्टॉसचाच असला पाहिजे, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला, पण व्यवसायजन्य आजार म्हणजे कामावरचा अपघात, हे तत्त्व तसंच आहे. फौंड्रीवाल्यांसाठी एक सूचना: तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असाल तर मालकावर या कायद्याखाली दावा चालत नाही, मागणी ईएसआय महामंडळाकडे करावी लागते. साखर कारखाने हंगामी म्हणून ईएसआयच्या बाहेर ठेवलेत, त्यामुळं त्यांच्या कामगारांना नुकसानभरपाईचाच रस्ता.

आता आजाराविषयी. मी डॉक्टर नाही, दाव्याला लागतं तेवढंच सांगतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. काही तंतू फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतात. त्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. त्यात पांढरा, म्हणजे क्रिसोटाइलही आला. आपल्या देशात तो आजही आयात होतो, पत्र्यात वापरला जातो. आणि धूळ आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात.

भरपाईच्या सगळ्या अडचणी या चाळीस वर्षांत आहेत. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, मुकादम वारलेला असतो, कधी कारखानाच अवसायनात गेलेला असतो.

एक केस सांगतो. माणसाचं आणि कारखान्याचं नाव सांगणार नाही. बॉयलर खात्यात फिटर म्हणून उभी नोकरी झाली. निवृत्त होऊन ते गावी आले, वडिलोपार्जित अर्धा एकर होता, त्यात ऊस लावला. बऱ्याच वर्षांनी धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं होतं. ते काढलं आणि टीबीची औषधं सुरू झाली. आपल्याकडं छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचाच येतो, आणि तो गैर नाही. पण पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. महिने गेले. शेवटी बायोप्सी केली, म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा मेसोथेलिओमा निघाला. त्यांच्या पत्नी फाइल घेऊन माझ्याकडं आल्या तेव्हा ते अंथरुणावर होते, बोलताना तीन शब्दांनंतर थांबावं लागायचं.

मी पहिला केसपेपर काढला. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता: शेती. खाली सवयींमध्ये: विडी, वीस वर्षं. बाकी कारखान्याचा उल्लेख सगळ्या फाइलमध्ये कुठंच नव्हता. विचारणाऱ्यानं विचारलं असेल, "काय करता बाबा?" त्यांनी तेव्हा जे करत होते ते सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते दोन शब्द पुढं कारखान्याच्या वकिलाच्या हातात गेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा शेतकरी आहे, विडी ओढायचा, आमचा संबंध काय?

आम्ही काय केलं ते नीट ऐका, कारण हेच तुम्हाला करायचंय. भविष्य निर्वाह निधीच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत मिळाल्या, त्यावरून नोकरीची वर्षं सिद्ध झाली. पण बॉयलर खातं? ते निघालं कामगारांच्या पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जावर. घर बांधायला काढलेलं कर्ज, त्यात विभागाच्या रकान्यात बॉयलर लिहिलेलं, खाली खातेप्रमुखाची सही. त्याच खात्यातल्या दोघांनी प्रतिज्ञापत्रं दिली: लॅगिंग कोण पाडायचं, पोत्यावर काय छापलेलं असायचं, शेडला दारं होती की नाही. डॉक्टरांना सगळं सांगितल्यावर त्यांनी पुढच्या भेटीत केसपेपरवर कामाचा इतिहास सविस्तर लिहिला. विडीच्या मुद्द्यालाही उत्तर आहे. मेसोथेलिओमा धूम्रपानानं होत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये विडीचा वाटा असतो, पण विडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही असतील तर धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून विडी ओढली एवढ्यावरून मालक सुटत नाही. दाव्याला झालेला उशीर माफ झाला. पुढची लढाई चालू आहे, ते मात्र आता नाहीत. त्यांच्या पत्नी तारखेला येतात.

त्या उशिराविषयी थोडं. दावा दोन वर्षांत करायचा असतो. व्यवसायजन्य आजारात, नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तर लक्षणं पहिल्यांदा दिसली तो दिवस अपघाताचा धरतात. तीस वर्षांनी येणाऱ्या आजाराला ही दोन वर्षं लावणं हा सरळ अन्याय आहे, आणि मी हे न्यायालयातही म्हणतो. पण त्याच कायद्यात नोकरी संपल्यावर जडलेल्या आजाराची भरपाई मान्य केलेली आहे, आणि पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकारही दिलेला आहे. आजाराचं नावच बायोप्सीनंतर कळलं, हे पुरेसं कारण आहे. मात्र बायोप्सीची तारीख पडल्यावर घरी बसू नका. तिथून पुढच्या प्रत्येक महिन्याचा जाब द्यावा लागतो.

एकाच मालकाकडं सलग सहा महिन्यांची नोकरी हवी, अशीही अट आहे. हंगामी कामगारांना ही अडवते, कारण गाळप चार-पाच महिन्यांचं. पण लॅगिंगचं काम हंगाम संपल्यावर निघतं. दुरुस्तीला थांबवून घेतलेल्या कामगारानं ते महिने कागदावर दाखवले पाहिजेत. ठेकेदाराच्या हजेरीवर होतो म्हणून मागं सरू नका, मूळ मालकही जबाबदार धरता येतो.

पैशाचं बोलू. 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार हिशोबाला महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. मृत्यू झाला असेल तर त्याच्या निम्मे गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणांक. पासष्ट आणि त्यापुढं गुणांक 99.37. म्हणजे 7,500 गुणिले 99.37, साधारण 7 लाख 45 हजार. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर साठ टक्के धरतात, ते 8 लाख 94 हजारांच्या आसपास जातं. जुना पगार धरायचा की कसं, यावर वाद होतोच. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ असेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. एका माणसाच्या आयुष्याचे हे पैसे नाहीत, मला ठाऊक आहे. पण उपचारासाठी काढलेलं कर्ज फिटतं.

कारखान्याचा माणूस घरी पन्नास हजार घेऊन आला आणि "आता काही मागणं नाही" म्हणून सही मागितली, तर सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दबातल असतो. मृत्यूची भरपाई दावा चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडं (जुन्या कायद्यातले नुकसानभरपाई आयुक्त) जमा करावी लागते, परस्पर वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. निकालावर मालकाला अपील करायचं तर रक्कम आधी भरावी लागते. आणि अपिलासाठी आता मुंबईच्या खेपा नाहीत. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात आहे.

27 जानेवारी 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक कामगार संघटनेनं वाचला पाहिजे. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी तो दिला गेला. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यातला जो काळ नंतर संपेल तोवर जपायच्या. आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये द्यायचे. म्हणून मालकाला पहिलं पत्र या नोंदी मागणारं लिहा. नोंदी मिळाल्या तर उत्तमच. "नाहीत" असं लेखी उत्तर आलं, तर तेही पुरावा म्हणून जोडा.

ब्रिटनमध्ये मालक किंवा त्याची विमा कंपनी सापडत नाही अशा मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी 2014 पासून वेगळी योजना आहे, पैसा विमा कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. आपल्याकडं बंद कारखान्याच्या कामगारानं दावा कुणावर लावायचा, याला समाधानकारक उत्तर नाही. अशा निधीची मागणी निवृत्तांच्या संघटनांनीच लावून धरायला हवी.

आणि शेवटचं, मागं बसलेल्या आया-बहिणींसाठी. कामावरून आलेले कपडे तुम्ही झटकलेत, भिजवलेत, धुतलेत. त्या धुळीनं घरच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याचं वैद्यकशास्त्राला पक्कं माहीत आहे. पण तुम्ही कारखान्याच्या कामगार नव्हता, म्हणून नुकसानभरपाईचा कायदा तुम्हाला लागू होत नाही. उरतो दिवाणी दावा, आणि तो लांबचा रस्ता आहे. तरी कुणाला धाप लागत असेल, छातीत पाणी झालं असेल, तर डॉक्टरांना नवऱ्याचं खातं, कामाची वर्षं आणि कपडे घरी धुतल्याचं सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.