शेवंती, सहा

नमस्कार मंडळी. मी राहुल, मूळचा सांगलीचा, गेली दोन वर्षं लिथुआनियात कौनास नावाच्या शहरात मास्टर्स करतोय. लिथुआनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा देश, अख्ख्या देशाची लोकसंख्या 28-29 लाख, आपल्या पुण्याएवढीसुद्धा नाही. कौनासला नेमुनास आणि नेरिस या दोन नद्या मिळतात, पहिल्याच रविवारी तिथं जाऊन बसलो, हरिपूरचा संगम आठवला, डोळ्यात पाणी वगैरे. असो.

निघताना सगळ्यांनी मला भीती घातली होती ती वेगळेपणाची. थंडी असते रे बाबा, डिसेंबरात चारला काळोख पडतो, लोक हसत नाहीत, गुलाबी रंगाचं बिटाचं गार सूप पितात आणि सोबत गरम बटाटे खातात. आता ह्यातलं सगळं खरं आहे, पण ह्याचा मला फारसा त्रास झालाच नाही, कारण तयारी करूनच आलो होतो, आईने तीन थर्मल आणि मेतकुटाचा डबा दिला होता. मी आपटलो कुठं, तर जिथं जिथं मला वाटलं की अरे, हे तर अगदी आपल्यासारखंच आहे!

पहिलं उदाहरण चपला. घरात शिरताना इथं बूट दाराशीच काढतात, मी एकदम खूश. पुढे भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातही 'तू'ला 'तू'च म्हणतात. मी म्हटलं झालं काम. मी ज्यांच्याकडे खोली घेतली त्या बाई पंच्याहत्तरीच्या, चेहऱ्याने डिट्टो माझी आजी. मग मी काय केलं, दुसऱ्याच दिवशी त्यांना 'तू' म्हणालो. आपण आजीला 'तू'च म्हणतो ना, 'अहो आजी' म्हणणारी घरं असतील पण आमचं तसलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त मला उत्तर देताना 'यूस' म्हणाल्या, म्हणजे 'तुम्ही', आणि असं सावकाश म्हणाल्या की माझे कान गरम झाले. चोवीस वर्षांच्या पोराला 'तुम्ही'! तिथून पुढे मी त्यांना 'पोनिया' म्हणायला लागलो, म्हणजे बाईसाहेब. तुमच्याशी बोलताना मात्र मी आजीच म्हणणार.

नावाचीही अशीच गंमत. इथं पुरुषांच्या नावाला शेवटी बहुतेक 'आस', 'इस' नाहीतर 'उस' लागतं, परदेशी असला तरी सुट्टी नाही, बोलताना चिकटवतातच, त्यामुळे मी झालो राहुलास. शाळेत स-ला-ते, स-ला-ना-ते घोकलेल्या माणसाला हे ऐकताना वाटतं की आपल्याला कायम द्वितीयेत टाकलंय, राहुलास बोलावलं, राहुलास हाकललं. आणि हाक मारायची झाली की शेवट परत बदलतो, 'राहुलाइ'! आपलं संबोधनच की हो हे.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलंच असेल की लिथुआनियन भाषा संस्कृतातून निघाली. तसं नाहीये, दोघींची एकच जुनी आई, ह्या दोघी लांबच्या बहिणी. पण दाताला दांतिस, मधाला मेदुस, देवाला दिएवास, कधीला कादा असं ऐकलं की अंगावर काटा येतोच. ह्याच नादात माझा एक मित्र दुकानात ऐटीत 'स्पासिबा', म्हणजे रशियनमध्ये धन्यवाद, म्हणाला, त्याला वाटलं जुना सोव्हिएत देश, रशियन चालेल. काउंटरवरच्या बाईंचा चेहरा असा बंद झाला ना, जसं शटर ओढावं! नंतर कळलं की 1864 ते 1904, चाळीस वर्षं, रशियाच्या झारच्या राजवटीत लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायलाच बंदी होती. लोक पलीकडे प्रशियात, म्हणजे जर्मन मुलखात, पुस्तकं छापून घ्यायचे आणि पाठीवर लादून चोरून सीमा ओलांडायचे, पकडले गेले तर थेट सायबेरिया. असल्या एका पुस्तकवाहकाचा पुतळा कौनासला वॉर म्युझियमच्या बागेत आहे. मी मग 'आचू' पाठ केलं, म्हणजे धन्यवाद, ऐकायला शिंक आल्यासारखं वाटतं पण काम करतं.

आता मुख्य पचका. ऑक्टोबर संपत आलेला, आणि सुपरमार्केटच्या बाहेर शेवंतीचे ढीग. पांढरी, पिवळी, अगदी दसऱ्याला आपल्या मार्केट यार्डात असतात तसे. मला असं भरून आलं की काय सांगू. म्हटलं आजींना नेऊ, इथं कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत असं ऐकलेलं. सहा फुलं घेतली, छान कागदात बांधून. आजींनी दार उघडलं, फुलांकडे बघितलं, आत घेतली. फुलदाणीत पाणी भरलं, पाच फुलं त्यात ठेवली आणि सहावं वेगळ्या काचेच्या ग्लासात, खिडकीत. मला वाटलं सजावट.

आठवड्याभरात 1 नोव्हेंबर आला. त्या दिवशी आणि 2 तारखेला, वेलिनेसला, इथली माणसं आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला जातात. बसमध्ये ज्याच्या त्याच्या हातात मेणबत्त्या आणि शेवंती. तेव्हा क्लासमधल्या मुलीने सांगितलं की जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, सम फक्त मेलेल्याला. अरे देवा! आणि आजींचे यजमान त्याच वर्षी वसंतात गेले होते. आपण आहेर 101 चा करतो, 100 चा कधी करत नाही, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला नको होतं का?

मी माफी मागायला गेलो तर त्या 'निएको' म्हणाल्या, म्हणजे काही नाही, आणि चहा टाकला. डिसेंबरात 24 तारखेला मला कूचोसला, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला, बोलावलं. बारा पदार्थ, त्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मासे मात्र असतात, ते मांसात धरत नाहीत, आपल्याकडेही असं मानणारे बरेच निघतील. खसखस वाटून तिचं दूध काढतात आणि त्यात छोटे कडक पावाचे तुकडे सोडतात, मी तीन वाट्या हाणल्या. तिथंही गोची झालीच असती, टेबलापाशी एक ताट मांडलेलं, खुर्ची मोकळी, मी आपला बसायला निघालो. आजींनी कोपराला धरून बाजूला वळवलं. ताटाशेजारी बारीक मेणबत्ती होती, मग कळलं कोणासाठी ते.

यंदा 1 नोव्हेंबरला आजींबरोबर मीही गेलो. गेटाबाहेर फुलवालीने मला विचारलं किती, मी म्हटलं 'शेशोस', सहा. आजी बाजूलाच होत्या. त्यांनी माझ्या हातातली फुलं एकेक करून मोजली आणि म्हणाल्या, 'गेराय, राहुलाइ. तू मेणबत्त्या घे.'