मानेला पट्टा लागला आणि फोर्ट दिसलं

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज मी तुम्हाला माझ्या मानेची गोष्ट सांगणारे, म्हणजे मानेची थोडी आणि मुंबईची जास्त, पण सुरुवात मानेपासूनच करावी लागेल कारण ती धरली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

तर गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी मान अशी काही आखडली की बुटाची लेस बांधायला सुद्धा मुलीला हाक मारायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, मोबाईल किती बघता? मी म्हटलं, फारसा नाही हो. मुलगी बाजूलाच बसली होती, ती अशी हसली की डॉक्टरांना उत्तर मिळून गेलं. आता डोंबिवलीहून सीएसएमटी, जाता सव्वा तास येता सव्वा तास, माणसाने करायचं काय सांगा ना! ते असो. तीन आठवडे गळ्यात पट्टा. खाली बघायचं नाही, बघताही येत नव्हतं म्हणा. फायदा एवढाच की लेडीज डब्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपणहून उठलं आणि म्हणालं, काकू बसा.

त्याच आठवड्यात माझा पास संपला. पहिल्या दिवशी सीएसएमटीला तिकीट खिडकीच्या रांगेत उभी होते. एरवी रांगेत मान खाली, अंगठा चालू. आता मान सरळ, त्यामुळे डोळे आपोआप समोर आणि मग वर गेले, आणि वर निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या, खांबांवरून निघून एकमेकींना भेटणाऱ्या कमानी. मी वीस वर्षं त्या हॉलमध्ये पास काढतेय हो! त्या हॉलला म्हणे स्टार चेंबरच म्हणतात. मी आपली आ वासून बघतेय आणि मागून आवाज, "ओ मॅडम, पास काढायचाय की कीर्तनाला आलाय?" पुढे सरकले. पण त्या दिवशी स्टेशनबाहेर पडल्यावर लगेच ऑफिसला गेले नाही, समोर जाऊन उभी राहिले आणि आपलं स्टेशन बघितलं.

आता इतिहास थोडक्यात सांगते, कारण शाळेत सगळ्यांनीच वाचलाय. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टने १८७८ मध्ये काम सुरू केलं, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली, २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की दगडातली नक्षी, पानं-फुलं, प्राणी, पक्षी, ह्यात आपल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांचा हात आहे. मोर आहेत, माकडं आहेत, आणि वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे चेहरे आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी पगडी. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह एकीकडे वाघ, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. अगदी वर घुमटावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक, तिचं नाव प्रगती. आणि मोठ्या घड्याळाच्या खाली एक रिकामा कोनाडा आहे तो नक्की बघा. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो काढला, कोनाडा तसाच ठेवला. देव उठवलेल्या देव्हाऱ्यासारखा दिसतो तो.

मग मला नादच लागला. ऑफिस माझं फोर्टात, फ्लोरा फाउंटनजवळ, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, एरवी मी दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून फेरीवाल्यांच्या मोबाईल कव्हरांकडे बघत जायची, आता कव्हरांकडे बघता येईना म्हणून पलीकडच्या फुटपाथवरून वरचे मजले बघत निघाले. खालचा मजला सोडून द्या, तिथे दुकानाची पाटी, वायरी, एसीचा डबा आणि त्या डब्यातून टपकणारं पाणी. खरी बिल्डिंग पहिल्या मजल्यापासून वर चालू होते. एका ठिकाणी तर दगडी बाईचं अख्खं तोंड फ्लेक्सच्या मागे गेलंय, फक्त अंबाडा वर दिसतो. कुठे ते सांगत नाही, उगाच भांडण नको, पण दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, कुठली बाई?

तिथून आत वळलात की पेरिन नरिमन स्ट्रीटवर माणेकजी शेठ अग्यारी आहे, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, १७३३ सालची. आत आपल्याला जाता येत नाही, फक्त पारशांना प्रवेश, पण बाहेरूनच पोट भरतं. दाराशी दोन भलेमोठे प्राणी, अंग बैलाचं, पंख गरुडासारखे आणि तोंड दाढीवाल्या माणसाचं. जुन्या इराणातल्या राजवाड्यांच्या दाराशी असे राखणदार असायचे. आता हे राखणदार फोर्टात बसलेत, समोरून हातगाड्या जातायत, डिलिव्हरीवाले बाईक लावतायत, आणि हे आपले शांतपणे बघतायत. मी रोज त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते, चालतो की.

महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अॅश्युरन्सची बिल्डिंग आहे, १९३६ ची, तिच्यासमोर मात्र जरा थांबाच. भिंतीवर उंचच उंच माणसं कोरलीत, आणि ती राजेरजवाडे नाहीत, कष्टकरी माणसं आहेत, आपल्या गावाकडची. हे मला सीएसएमटीनंतर बघताना फार मस्त वाटलं, कारण पन्नासेक वर्षांतच भिंतीवरच्या पाहुण्यांची यादी बदलली. एस्प्लेनेड मॅन्शन तर तुम्ही बसमधून पाहिलं असेलच, लोखंडी सांगाड्याची ती थकलेली इमारत. एकेकाळी ते वॉटसन्स हॉटेल होतं, लोखंड विलायतेहून जहाजाने आलं, आणि ७ जुलै १८९६ ला तिथेच ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली.

आणि ओव्हल मैदान! मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, क्रिकेटचा बॉल सांभाळून. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि युनिव्हर्सिटी, हायकोर्ट, सगळं टोकदार, दगडी. दुसऱ्या बाजूला १९३० नंतरच्या गोल कोपऱ्यांच्या बिल्डिंगी, खिडक्यांवर पापण्यांसारखे छज्जे, बाल्कन्या बोटीच्या डेकसारख्या, आणि गेटवर बिल्डिंगचं नाव अशा झोकदार अक्षरात की वाटतं आत सिनेमा चालू आहे. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशात गेल्या. राजाबाई ही शेअरबाजारवाल्या प्रेमचंद रायचंदांची आई, टॉवरला पैसे त्यांनी दिले, १८७८ ला तो पूर्ण झाला. आमच्या ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, मला वाटायचं राजाबाई म्हणजे कोणीतरी राणी. मी हसले, पण खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं.

बघून बघून भूक लागते हो. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी नावाचं इराणी हॉटेल, १९०४ पासूनचं. लाल चौकडीचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. पट्टा लावून बन मस्का खायचा प्रयत्न कधी करू नका. बन चहात बुडवला, खाली बघता येईना, तोंडापर्यंत येईस्तोवर अर्धा बन कपात आणि मस्का पट्ट्यावर. वेटरकाकांनी काही न बोलता चमचा आणून दिला, असे बरेच पाहिले असतील त्यांनी. तिथून ठाकूरद्वारला जाऊन विनय हेल्थ होममध्ये मिसळ खायची असेल तर त्याच दिवशी खाऊ नका, पोटाला झेपत नाही, दुसऱ्या दिवशी खा आणि मग गिरगावातल्या खोताच्या वाडीत फिरायला जा. लाकडी जिने घराच्या बाहेरून वर चढलेले, नक्षीच्या बाल्कन्या, कुठे क्रूस कुठे तुळस. एकेकाळी पासष्ट घरं होती म्हणतात, आता निम्मीसुद्धा उरली नाहीत. हळू आवाजात फिरा, लोकांची घरं आहेत ती, कोणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका.

तीन आठवड्यांनी पट्टा निघाला. त्याच दिवशी मैत्रिणीबरोबर फोर्टातल्या एका गल्लीतल्या इराण्याकडे गेले आणि सवयीने मान खाली घातली, तर मोबाईलच्या पलीकडे लादी दिसली. लाल, पिवळी, काळी, फुलाची नक्षी. गल्ल्यासमोर लोकांनी उभं राहून राहून लादीला चक्क खळगा पडलाय, तरी फूल जसंच्या तसं. मला कळेना हे कसं. मग शोधलं. ही लादी भाजत नाहीत. लोखंडी साच्यात नक्षीचे पत्र्याचे कप्पे असतात, कारागीर पळीने प्रत्येक कप्प्यात वेगळा रंग ओततो, सिमेंट, संगमरवरी भुकटी आणि रंग कालवलेला, मग कप्पे उचलून वरून सिमेंट घालून प्रेसमध्ये दाबतात आणि पाण्यात मुरायला ठेवतात. म्हणजे रंग वरवर लावलेला नसतो, चांगला जाड थर असतो, म्हणून झिजला तरी फूल राहतं. आधी अशा लाद्या बाहेरून यायच्या, मग १९२२ मध्ये मुंबईतच सिधवा नावाच्या पारशी कुटुंबाने भारत टाइल्स काढल्या, स्वदेशीच्या दिवसांत.

आणि तेव्हा डोक्यात लख्ख झालं, अरे ही फुलं मी पाहिलीत! माझं आजोळ गिरगावात, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. लहानपणी त्या लादीवर आम्ही ठिक्कर खेळायचो, घरं आखायला खडू लागायचाच नाही. त्याच रविवारी मामाकडे गेले. पण मामाने दहा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा सगळीकडे पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवली, जुनी काढायलाही नको म्हणून तिच्यावरच. मी म्हटलं मामा, ती फुलं? मामा म्हणाला, आहेत की खाली, झोपलीयेत. मग त्याला काय आठवलं कोणास ठाऊक, उठला, मला म्हणाला हात लाव, आणि आम्ही दोघांनी मिळून गोदरेजचं कपाट भिंतीपासून फूटभर पुढे ओढलं. कपाट हलवायला नको म्हणून टाइलवाल्याने तेवढी जागा तशीच सोडली होती. चार लाद्या. लाल, पिवळी, काळी. वर दहा वर्षांची धूळ आणि एक हरवलेला रिमोट.

मामी आतून ओरडली, माझी पाठ भरून यायची पाळी येईल हं ते परत सरकवताना! मामाने ओला फडका आणायला मला पिटाळलं.