गाडीतून न उतरता

नमस्कार मंडळी. बर्गरच्या खिडकीवर व्याख्यान कशाला, असं काही जणांना विषय वाचून वाटलं असेल. पण रोज संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकणाऱ्या ठाणेकराचा या खिडकीशी फार जवळचा संबंध आहे. ड्राइव्ह-थ्रूची रांग कोणाच्या जागेत उभी राहते, हा माझा आजचा मुद्दा. त्याआधी ड्राइव्ह-थ्रू म्हणायचं कशाला हे नक्की करून घेऊ, कारण आपल्याकडे कुठल्याही दुकानावर ही पाटी लागायला लागली आहे.

गाडी एका बाजूने आत शिरते. फलकापाशी थांबून तुम्ही ऑर्डर सांगता, पुढच्या खिडकीवर पैसे देता, त्याच्या पुढच्या खिडकीवर पार्सल घेता आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडता. कोणी उतरत नाही, गाडी कुठे लावावी लागत नाही, रिव्हर्स घ्यावी लागत नाही. हे झालं ड्राइव्ह-थ्रू. गाडी लावून आतच बसायचं आणि माणूस ट्रे आणून देणार, तर ते ड्राइव्ह-इन. अमेरिकेत डॅलसला 1921 मध्ये पिग स्टँड नावाचं असं हॉटेल निघालं होतं. आपल्यातल्या ज्येष्ठांनी वांद्र्याच्या ड्राइव्ह-इन थिएटरात गाडीत बसून सिनेमे पाहिले आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. मे 2021 मध्ये दादरला कोहिनूरच्या वाहनतळात गाडीतच लस द्यायला सुरुवात झाली, त्यालाही ड्राइव्ह-इन म्हणाले, आणि बरोबर म्हणाले. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं होतं ना! थांबणं आलं की जागा मोठी लागते. सगळा फरक त्या थांबण्यात आहे.

थांबणं कमी कसं करायचं, यावर तिकडे बराच विचार झाला. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कला इन-एन-आउट या बर्गरच्या दुकानाने दोन्हीकडून बोलता येईल असा स्पीकर बसवला. गाडी खिडकीशी पोचेपर्यंत आत तवा लागलेला असे. मॅकडोनाल्ड्स यात उशिरा आलं, आणि ती गोष्ट मला फार आवडते. 1975 साल, ॲरिझोनातलं सिएरा व्हिस्टा गाव, शेजारी फोर्ट हुआचुका ही लष्कराची छावणी. कामाच्या गणवेशात छावणीबाहेर गाडीतून उतरायचं नाही, असा सैनिकांना नियम होता. गिऱ्हाईक दाराशी येतंय पण उतरू शकत नाही! मग भिंत फोडून खिडकी काढली. म्हणजे ही खिडकी उतरू न शकणाऱ्या माणसासाठी निघाली. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून खिडकीही उजवीकडे हवी. इमारतीला प्रदक्षिणा घालतो तशी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गाडी फिरली पाहिजे. अमेरिकेत नेमकं उलट. तिकडचा नकाशा इथे जसाच्या तसा बसत नाही. एवढं साधं आहे, तरी मी उलट्या बाजूला खिडकी असलेलं दुकान पाहिलं आहे. तिथे शेजारच्या सीटवरच्या माणसाने हात लांब करायचा.

आता ज्या अनुभवामुळे मी या विषयाच्या मागे लागले, तो सांगते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. तपासणीहून परतताना ती म्हणाली, "कोल्ड कॉफी घेऊया का गं?" सर्व्हिस रोडवर एका मोठ्या साखळीचं दुकान, बाहेर माणसाच्या उंचीची ड्राइव्ह-थ्रूची पाटी. मी गाडी आत घातली. जमिनीवर पिवळा बाण होता, अर्धा पुसलेला, आणि त्याच्यावर डिलिव्हरीच्या मोटरसायकली आडव्या लावलेल्या. स्पीकरच्या खांबाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. खिडकी होती, पण काचेला आतून कपांची खोकी टेकलेली. मी हॉर्न वाजवला. बऱ्याच वेळाने एक मुलगा आला. म्हणाला, "मॅडम, खिडकी बंद आहे. गाडी बाहेर लावा आणि आत या." मी म्हटलं, आईला उतरता येत नाही. तर म्हणाला, "मग ॲपवर टाका, बाहेर आणून देतो." बाहेर म्हणजे कुठे? सर्व्हिस रोडवर! तोवर मागे गाड्या लागल्या, त्यांचं शेपूट मेन रोडपर्यंत गेलं, आणि त्यात एक रुग्णवाहिका होती. आई म्हणाली, "राहू दे, चल घरी." त्या मुलावर माझा राग नाही, त्याला सांगितलं तसं तो बोलला. राग आहे तो पाटी लावून खिडकीत खोकी रचणाऱ्यांवर. उतरता येत नाही अशी माणसं ती पाटी खरी मानून आत वळतात. आजही तिथून जाताना मला संताप येतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगते.

एका गाडीला मधल्या अंतरासकट सहा मीटर धरा. आठ गाड्या म्हणजे जवळपास पन्नास मीटर. ही लांबी दुकानाच्या आवारात मिळाली नाही, तर ती रस्त्यावर निघते. हे ठाणेकरांना मी काय शिकवणार? आनंदनगरच्या टोलनाक्यावर आपण वर्षानुवर्षं तेच केलं. काच खाली, पैसे, पावती, पुढे. आणि रांग हायवेवर. ऑक्टोबर 2024 मध्ये छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. पण टोलनाका निदान सरकारी होता. दुकानाची रांग आपण का सोसायची? अमेरिकेत कित्येक गावांत रांगेत किती गाड्या मावतील एवढी जागा आधी दाखवावी लागते. मिनियापोलिसने तर 2019 मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रू खिडक्यांवर बंदी घातली, धूर आणि पायी चालणाऱ्यांचा जीव हे त्यामागचं कारण.

मला बंदी नको आहे. आईसारख्या माणसांसाठी ही सोय राहायला हवी. औषधांच्या दुकानाला तर ती सर्वांत आधी हवी, कॉफी नंतर. पण इमारतीला परवानगी देतानाच रांगेची लांबी आवारात मोजून घ्या. बाहेर पडायची वाट फुटपाथ कापून जात असेल, तर तिथे गाडी थांबलीच पाहिजे, चालणारा नाही. स्कूटरवाल्यासाठी वेगळी पट्टी काढा, पार्सल हँडलला अडकवेपर्यंत त्याच्या मागे हॉर्न वाजायला नकोत. खिडकी बंद ठेवायची असेल, तर त्या दिवशी पाटी झाका. आणि जिथे ड्राइव्ह-थ्रूच्या पट्टीला जागाच नाही, तिथे दाराजवळ एका गाडीपुरती जागा राखून ठेवा, काच खाली करून हात पोचेल एवढ्या उंचीवर घंटा बसवा, आणि ती वाजल्यावर बाहेर कोण येणार ते ठरवून ठेवा. घोडबंदरच्या सोसायट्यांच्या बैठकीत मी हेच लिहून दिलं आहे. ज्यांना सही करायची आहे, त्यांच्यासाठी कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे.