पात्यावरची राळ

श्रोतेहो, नमस्कार.

गावाहून आलेला फणस चिरायला घेण्याआधी विळीच्या पात्याला आणि दोन्ही तळहातांना खोबरेल तेल चोळायचे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात पाहिलेले आहे. चीक एकदा बसला की पाण्याला दाद देत नाही, म्हणून तेल आधी लावायचे. घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्यांच्या बँडसॉच्या पात्याबद्दल आज मला बोलायचे आहे आणि त्यासाठी ही विळी मी मुद्दाम पुढे ठेवतो आहे, कारण विळीच्या बाबतीत जी खबरदारी आपण न सांगता घेतो, ती यंत्राच्या बाबतीत पाते काळे पडेपर्यंत आपल्याला सुचत नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर एक आणि खाली एक अशी दोन चाके असतात, त्यांच्या कडेवर रबराचे पट्टे बसवलेले असतात आणि त्या चाकांवर एक अखंड, दातेरी पोलादी पट्टी ताणून चढवलेली असते. विल्यम न्यूबेरी यांना या कल्पनेचे ब्रिटिश पेटंट 1809 मध्ये मिळाले, परंतु सतत वाकूनही न तुटणारी पट्टी आणि तिचा टिकाऊ सांधा तयार करणे त्या काळी जमत नसल्याने ते यंत्र पुढे कित्येक वर्षे व्यवहारात आले नाही. म्हणजे या यंत्राचे दुखणे पहिल्यापासून पात्यातच आहे. घरगुती वापराच्या, 14 इंची चाकांच्या यंत्राचे पाते साधारण मिनिटाला 900 मीटर वेगाने धावते. हा वेग ताशी 54 किलोमीटर होतो, आणि ऑफिसच्या वेळेला ठाणे-बेलापूर रस्त्यावर तो कोणाच्या नशिबी नसतो. त्या पात्याची लांबी सुमारे 2.4 मीटर धरली, तर एकेक दात मिनिटाला पावणेचारशे वेळा लाकडातून जातो. दातावर राळेचा, म्हणजे लाकडातल्या चिकाचा, कणभर थर बसला तरी तो किती वेळा घासला जात असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

माझे काम ऐरोलीतल्या रो-हाउसच्या तळमजल्यावर, जिथे खरे तर गाडी उभी राहायला हवी, तिथे चालते. एका बाजूला औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला खाडी असल्यामुळे दोन गोष्टी आम्हांला मुबलक मिळतात : माल उतरल्यानंतर मोडीत निघालेली पाइनची पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, आणि खारट दमट हवा. पॅलेटवर ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का दिसला की ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटे तापवलेले आहे, असे समजावे. या उष्णतेने कीड मरते. परंतु राळ आळून घट्ट बसावी यासाठी भट्टीचे तापमान सुमारे 70 अंशांच्या वर न्यावे लागते. त्यामुळे पॅलेटचे पाइन हाताला कोरडे लागले तरी गाठींच्या आसपास त्याच्या पोटात राळ ओलीच असते, आणि पाते त्यातून गेले की ती बाहेर येते.

एका जुलै महिन्यात असेच पॅलेट फाडत असताना पाते रेघ सोडून डावीकडे जाऊ लागले, कापाच्या दोन्ही बाजू करपल्या आणि जळक्या राळेचा वास जिन्यापर्यंत पोहोचला. पाते बोथट झाले, असा निकाल देऊन मी ते उतरवले आणि नवे चढवले. पुढे कित्येक आठवड्यांनी जुने पाते भंगारात टाकण्यापूर्वी, केवळ कुतूहल म्हणून, त्याचा एक दात अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहिला, तर तो नखात रुतला. बोथट दात नखावरून घसरतो. धार शाबूत होती. दोन दातांमधले खळगे मात्र राळ आणि भुसा यांच्या तपकिरी लगद्याने भरून गेले होते. कापलेला भुसा त्या खळग्यांतूनच बाहेर वाहून नेला जातो, आणि ते बुजले की तो कापातच घोटाळतो, पाते तापते, तापलेल्या पात्यावर राळ आणखी पक्की बसते, आणि एका बाजूला थर जाड झाला की पाते त्या ओढीने वाकडे चालू लागते. सागवानाची गोष्ट वेगळी आहे. त्यातले तेलही चिकटते, पण त्यातली सिलिका धारच खाते, आणि खाल्लेली धार धुऊन परत येत नाही. म्हणून नखाची परीक्षा आधी करावी आणि मगच बादली भरावी.

धुण्यासाठी पाते यंत्रावरून उतरवणे आवश्यक आहे. यंत्राची विजेची पिन काढून, ताण सैल करून, हातमोजे आणि चष्मा घालूनच ते हाताळावे, कारण गुंडाळलेले पाते हातातून सुटले तर सापासारखे उसळते. यंत्र चालू असताना मात्र हातमोजे कधीही घालू नयेत. पाते तीन वेढ्यांत गुंडाळले की ते साध्या पसरट घमेल्यात मावते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून त्यात ते पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावे. राळेतील आम्लांशी सोड्याचा संयोग होऊन एक प्रकारचा साबणच तयार होतो, आणि जो थर सुरीने खरवडून निघत नव्हता तो जुन्या दातघासणीने निघू लागतो. पाणी चहासारखे होते, ते पाहण्यात एक समाधान आहे. ब्रश पाठीकडून दातांकडे फिरवावा, उलट फिरवल्यास ब्रशचे केस आणि आपली बोटे दोन्ही अडकतात. कॉस्टिक सोडा असलेली द्रावणे काम लवकर करतात, परंतु ती कातडी आणि डोळे भाजतात, आणि घरात मुले असताना एवढ्या कामासाठी ती आणावीत असे मला वाटत नाही. रॉकेलनेही राळ सुटते. ते वापरलेच, तर चिंध्या भुशाच्या ढिगाजवळ राहू देऊ नयेत.

पाते पुसताना घाई करू नये. तिरप्या उजेडात फडक्याने एकेक वीत पुढे सरकत खळग्यांचे तळ आणि पात्याचा सांधा पाहावा, कारण केसाएवढी चीर तिथेच सुरू होते आणि राळेखाली ती दिसत नाही. चीर दिसली तर ते पाते पुन्हा चढवू नये. पुसल्यानंतर लगेच केस वाळवायच्या ड्रायरने ते कोरडे करावे; मी पहिल्यांदा ते पंख्याखाली ठेवून झोपलो, आणि सकाळी ते केशरी झालेले होते. पाते वाळेपर्यंत खालच्या चाकाच्या रबरावर दाबला गेलेला भुसाही, चाक हाताने फिरवत, लाकडाच्या चिपेने खरवडून काढावा.

आता वंगणाकडे येतो, आणि इथे मला विळीची उपमा अर्ध्यावर सोडावी लागते. तेल आधी लावायचे हे तत्त्व बरोबर आहे, पण खाद्यतेल हवेत हळूहळू चिकट होते, हे शेगडीमागची फरशी पुसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा पात्यावर भुसा अधिकच जमतो. खनिज तेल रबराला फुगवते आणि लाकडावर डाग पाडते. सिलिकॉनचा फवारा वरवर सोयीचा वाटतो, परंतु त्याचा अंश लाकडावर राहिला तर पॉलिश तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. सॉ मिलमध्ये ओले ओंडके कापताना पात्यावर पाणी किंवा डिझेल सोडण्याची पद्धत आहे, पण ती व्यवस्था आपल्या छोट्या यंत्राची नव्हे. घरच्या कामासाठी पांढरी मेणबत्ती पुरते. पिन काढलेली ठेवून वरचे चाक हाताने पुढे फिरवत, मेणबत्ती पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना, दातांपासून दूर, हलकी टेकवावी. दोन फेऱ्या बस झाल्या. मेणबत्तीतले पॅराफिन मेण साधारण 50 ते 60 अंशांना वितळते, त्यामुळे पाते कोमट झाले की ते मऊ होऊन पसरते आणि राळेला थेट पोलादावर बसू देत नाही. पांढरट थर डोळ्यांना दिसू लागला, तर तो जास्त झाला असे समजून फडक्याने पुसून टाकावा. मळलेल्या पात्यावर मेण लावण्याने काहीच साधत नाही, त्याने लगदा तेवढा वाढतो.

न वापरायची पाती मी पावसाळ्याच्या तोंडावर मेण लावून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि बुटांच्या खोक्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकतो. प्रत्येक वेढ्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर पाते शेवटचे धुतल्याची तारीख असते. जुलैमध्ये मी बोथट ठरवलेल्या त्या पात्याच्या चिठ्ठीवर आता चार तारखा झाल्या आहेत, आणि पाचवीसाठी जागा उरलेली नाही, म्हणून नवी चिठ्ठी कापून ठेवली आहे.