लेझीमची साखळी

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण निम्मा सरला की सोलापूरची संध्याकाळ वेगळी ऐकू येऊ लागते. एखाद्या बोळाच्या तोंडाशी हलगी कडाडते आणि तिच्यापाठोपाठ पन्नास-साठ साखळ्या एकाच वेळी वाजल्याचा छम्म असा आवाज उठतो. गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव सुरू झाला, हे मग घरात बसूनही कळते. माझे लहानपण याच आवाजात गेले. लेझीम म्हणजे आपल्या मातीत उगवलेली, अगदी आपल्या घरची वस्तू, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. ती घरची आहेच. पण आपल्या घरी येण्याआधी ती कुठे होती, याविषयी आज बोलायचे आहे.

लेझीम हा शब्द फारसी आहे. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले, व्यायामासाठी वापरायचे धनुष्य, असा त्याचा मूळ अर्थ. धनुष्य ओढायला दंड, खांदे आणि छाती मजबूत लागतात. म्हणून तिरंदाजाने ताकद कमवण्यासाठी हे जड धनुष्य फिरवायचे. आपल्या जुन्या तालमींतली लेझीम अशीच होती, वाकवलेला दांडा आणि त्याला ताण देणारी वजनदार साखळी. आज शाळेतल्या मुलांच्या हातात असते ती तिची हलकी झालेली नात म्हणावी. दांडा सरळ झाला, साखळीत पत्र्याच्या चकत्या आल्या, मधोमध मूठ आली आणि ताकदीच्या साधनाचे वाद्य झाले. तरीही लेझीम ओढून ताणली की आजही हात धनुष्य ओढल्यासारखाच जातो. पुढच्या वेळी जरूर निरखून पाहा.

इराणमध्ये या धनुष्याचे भावंड अजून मूळ रूपात आहे. तिथे त्याला कब्बादे म्हणतात. दांडा आणि साखळी दोन्ही लोखंडाचे, साखळीत धातूच्या चकत्या ओवलेल्या. पहेलवान ते डोक्यावर धरतो आणि तालावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवतो. हे जिथे चालते त्या जागेचे नाव जोरखाना. या नावाचा अर्थ सोलापूरकराला सांगावा लागत नाही. आपण तालमीत जोर मारतो आणि आपल्या गावात कारखाने आहेत. ‘जोर’ही फारसी आणि ‘खाना’ही फारसी. पैलवान, कुस्ती, पेच, वस्ताद हे शब्द तिकडचे, आणि तालीम हा मूळचा अरबी शब्द, म्हणजे शिक्षण. तालमीला व्यायामशाळा म्हणण्याआधी आपण तिला नुसती शाळाच म्हणत होतो, ही गोष्ट मला फार आवडते.

जोरखान्याचे दार मुद्दाम ठेंगणे ठेवलेले असते, त्यामुळे आत येणाऱ्याला वाकावेच लागते. मधोमध जमिनीपेक्षा खोल, बहुधा अष्टकोनी आखाडा असतो. आपल्याकडे कोल्हापूर भागातल्या तालमींत तांबड्या मातीच्या खोल आखाड्याला हौदा म्हणतात, त्याची आठवण यावी असाच. बाजूला उंच बैठकीवर मुर्शिद बसतो. त्याच्यापुढे एक मोठा ढोल आणि टांगलेली घंटा असते. तो ढोल वाजवतो आणि फिरदौसीच्या शाहनाम्यातील ओळी किंवा हाफिज आणि सादी यांची कवने म्हणतो, आणि त्या लयीवर माणसे घाम गाळतात. आखाड्यात उतरताना जमिनीला हात लावून तो ओठांना लावतात; आपण माती कपाळाला लावतो. तिथे भिंतीवर हजरत अलींची तसबीर असते, इथे कोनाड्यात मारुती असतो. कार्स्टेन नीबूर हा प्रवासी मुंबईहून निघून १७६५ मध्ये शिराजला पोहोचला होता. तिथल्या जोरखान्याचे त्याने काढवलेले चित्र पाहताना, त्यातली माणसे मला परकी वाटली नाहीत. युनेस्कोने २०१० मध्ये या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली आहे.

याचा अर्थ कुस्ती तिकडून आली, असा मात्र कोणी करू नये. आपल्या हैदराबाद रस्त्याने उमरग्याच्या पुढे गेले की बसवकल्याण लागते. ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आणि पुढे बाराव्या शतकात आपल्या सिद्धरामेश्वरांचा जिथल्या शरणांशी, म्हणजे शिवभक्त संतांशी, संबंध आला तेच हे गाव. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार, त्यांचे डाव आणि त्यांचे व्यायाम दिले आहेत, आणि त्यात खांबावर करायचा व्यायामही आहे. म्हणजे दख्खनच्या मातीत मल्लविद्या आधीपासून पुरती रुजलेली होती. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, त्यानंतर विजापूरची आदिलशाही आली, आणि दाभोळ, चौल, गोवा या बंदरांतून इराणी, तुर्की आणि अरब माणसे सतत घाटावर येत राहिली. व्यापारी आले, शिपाई आले, कवी आले, गवंडी आले. बहमनींचा वजीर महमूद गावान हा स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातून आलेला होता. बहमनी काळातला आपला भुईकोट किल्ला पुढे अहमदनगर आणि विजापूर यांच्या मधोमध आल्याने दोघांच्याही डोळ्यांत भरत राहिला आणि त्याने हा सगळा राबता पाहिला. इथल्या मल्लाला तिकडच्या पहेलवानाची ओळख झाली ती अशा रस्त्यांवर. एकाने दुसऱ्याला पुसून टाकले नाही. मल्लखांब राहिला आणि लेझीमही राहिली.

शाळेत आपण लेझीमचे हुकूम पाठ केले, ते आठवून पाहा. चार आवाज, एक जगह, आगे कदम, दो रुख, एक पवित्रा फासला. आवाज आणि रुख फारसी, कदम आणि फासला अरबी, आणि त्यांच्या मधेच पवित्रा आपला. कवायतीच्या मैदानात शिक्षक हे शब्द खणखणीत आवाजात देत असत आणि आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वेगळे वाटत नसे. वाटायचे कारणही नव्हते. तोंडात रुळलेल्या शब्दाला त्याचे गाव कोण विचारतो?

पण लेझीमला इथे खरा जीव दिला तो हलगीने. तिकडे मुर्शिदचा ढोल संथ, भारदस्त. एकेका वळशाला पुरेसा वेळ देणारा. आपली हलगी मात्र तापवलेल्या कातड्याची, तीक्ष्ण आणि उतावळी. जड धनुष्य या गतीने फिरवणे शक्यच नव्हते. लेझीम हलकी होत गेली ती याच तालापायी, असे मला मनापासून वाटते. पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवणाऱ्या, आणि ज्यांची नावे कोणत्याच बखरीत आली नाहीत अशा कलाकारांनी व्यायामाचे नृत्य केले. मिरवणुकीत टाळ्या लेझीम पथकाला मिळतात. निदान त्यातल्या निम्म्या हलगीवाल्याच्या आहेत.

हा प्रवास दख्खनलाही थांबला नाही. जोरखान्यात ज्यांना मील म्हणतात, त्या लाकडी मुद्गलांच्या जोड्या आपल्या तालमींतही फिरतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी त्या इथे पाहिल्या, आपल्या फौजेच्या व्यायामात घेतल्या आणि मायदेशी नेल्या. तिथून त्या अमेरिकेत गेल्या, आणि १९०४ च्या सेंट लुईस व १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जोडी फिरवण्याची स्पर्धाही झाली.

आमच्या बोळात सराव घेणारे वस्ताद सराव संपला की प्रत्येकाकडून लेझीम परत घेत, साखळीवरून तेलाचा बोळा फिरवत आणि मगच ती खुंटीला लावत. साखळी गंजली की आवाज फुटतो, असे ते म्हणत. आता त्याच बोळात मुलींचे पथकही सराव करते. परवा तिथून जाताना पाहिले, हलगी थांबली होती आणि दहा-बारा वर्षांची एक मुलगी पायरीवर बसून एकेका चकतीला तेल लावत होती.