कवडसा रंगवताना

नमस्कार श्रोतेहो.

तैलरंग नुकतेच हाती घेतलेल्यांना मी आवर्जून सांगतो, डोंगर-नदीच्या आधी घरातली ऊन आलेली एक खोली रंगवा. टेबल, खुर्च्या, पडदे, सगळं सामान जागच्या जागी असू द्या. उघड्यावर ऊन चहूकडे असतं. इथे ते एका खिडकीतून येतं आणि पुढे कशावर पडून कुठे जातं, हे नजरेत धरता येतं.

सावलीतली पांढरी भिंत आपल्याला वाटते तितकी पांढरी नसते. ट्यूबमधला पांढरा रंग उन्हाइतका उजळ कधीच होणार नाही, त्यामुळे कवडसा चमकवायचा तर बाकीची खोलीच गडद करावी लागते. डोळे किलकिले करा आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने आधी सावल्या भरून घ्या. तेल वरच्या थरांत वाढवत न्या, नाहीतर पुढे चित्राला तडे जातात. दाट रंग कवडशासाठी राखून ठेवा.

जमीन लाल कोब्याची असेल तर उन्हातल्या खुर्चीची बैठक खालून बघा. तिथे तांबूस झाक असते. गजांच्या सावल्या खिडकीजवळ रेखीव असतात, दूर जाताना त्यांच्या कडा मऊ होतात. सगळ्या कडा सारख्याच धारदार काढल्या तर ऊन जमिनीवर चिकटवल्यासारखं दिसतं.

आडोल्फ मेन्झेल या जर्मन चित्रकाराने १८४५ साली रंगवलेलं ‘बाल्कनीची खोली’ हे चित्र जरूर पाहा. मूळ चित्र बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. वाऱ्याने आत आलेला झिरझिरीत पडदा, जमिनीवर ऊन, एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन खुर्च्या, उंच आरसा. आरशात सोफा स्पष्ट दिसतो, पण डावीकडची भिंत मेन्झेलने जेमतेम रंग फासून सोडून दिली आहे. मला हे धाडस फार मोलाचं वाटतं. ऊन साधलं होतं, मग भिंत कशाला घोटायची?

तुम्हीही पहिल्या चित्रात नक्षी आणि पुस्तकांच्या पाठी घोटत बसू नका. कवडशाची बाह्यरेषा सुरुवातीलाच आखा, कारण तो सरकतो. अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश खाली ठेवा आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी बसून करा.