गाडी फक्त घाटापुरती

नमस्कार मंडळी. सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतले लोक मला हमखास विचारतात, युरोपला चाललोय, तीन-चार देश करायचेत, तर गाडी भाड्याने घेऊ का ट्रेनचा पास काढू? माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्ही घ्या, पण शहर ते शहर ट्रेन किंवा बस, आणि गाडी फक्त घाटापुरती, तीसुद्धा ज्या देशात घेतली तिथेच परत करायची.

पहिल्या वेळी आम्ही गाडी म्युनिकला घेतली आणि व्हेनिसला सोडली. मला वाटलं सीमा तर उघड्याच आहेत, मग काय फरक पडतो? पण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की कंपनीला ती परत न्यावी लागते, त्याचे वेगळे पैसे आपल्याकडून घेतात, आणि आमचे ते जवळजवळ भाड्याइतकेच झाले. शिवाय ऑस्ट्रियात शिरलात की हायवेसाठी विन्येट, म्हणजे ठराविक दिवसांचा रस्त्याचा पास, घ्यावं लागतं, आणि इटलीकडे नेणाऱ्या ब्रेनर घाटाचा टोल त्या विन्येटमध्ये धरलेला नसतो, तो आणखी वेगळा. आणि इटलीतल्या जुन्या गावांमध्ये झेडटीएल नावाचा प्रकार असतो, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग. तिथे कोणी पोलीस उभा नसतो, वर एक कॅमेरा असतो. आम्ही हॉटेल शोधत शोधत आत गेलो आणि पाच महिन्यांनी दंडाचं पत्र पुण्याच्या घरी आलं, वर आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याची फी कंपनीने कार्डावरून आधीच कापलेली होती.

दुसऱ्या वेळी आईबाबा बरोबर होते, तेव्हा मी सगळं वेगळं आखलं. म्युनिक ते साल्झबुर्ग ट्रेन, जेमतेम पावणेदोन तास. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, त्या मार्गावर पोलीस डब्यात येऊन बघतात. मग हॉलस्टाट, ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं गाव. तिथे गाडीने जाणारे लोक पार्किंगसाठी गावाबाहेर ताटकळत असतात आणि ट्रेनने जाणाऱ्याचं मात्र मस्त होतं, कारण स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, तुम्ही उतरता, चार पावलं खाली जाता आणि होडी उभीच असते. गाव समोरून हळूहळू जवळ येतं. आईच्या गुडघ्यांना काही त्रास नाही, बाबांना पार्किंगची चिंता नाही.

तिथून फिलाखमार्गे ट्रेनने स्लोव्हेनियात, ल्युब्ल्यानाला. आणि इथे मात्र गाडी घेतली, तीन दिवसांसाठी, कारण पुढचा भाग बसने करायचा तर दिवसाला दोन-चार फेऱ्यांवर अवलंबून राहावं लागतं.

ब्लेड गावचं तळं बघून आम्ही बोहिन्स्का बिस्ट्रित्सा नावाच्या छोट्या स्टेशनवर गेलो आणि गाडीच ट्रेनवर चढवली! अक्षरशः. रेल्वेचा माणूस हाताने खूण करतो, आपण रॅम्पवरून उघड्या वॅगनवर गाडी घ्यायची, इंजिन बंद, हँडब्रेक ओढायचा आणि आतच बसून राहायचं. मग ट्रेन सुटते आणि ६३२७ मीटरच्या बोगद्यात शिरते. मिट्ट काळोख, काचा वर, स्टिअरिंग हातात पण काही करायचं नाही, आणि मागच्या सीटवरून आई म्हणते, अगं आपण चाललोय का उभे आहोत? हा बोगदा १९०६ साली सुरू झाला, उद्घाटनाला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आला होता, पुढे आठ वर्षांनी ज्याच्या खुनानंतर पहिलं महायुद्ध पेटलं तोच. पलीकडे मोस्ट ना सोची स्टेशनवर गाडी खाली उतरवली की सोचा नदीचं खोरं सुरू. पाणी इतकं हिरवं-निळं की बाबा दर दहा मिनिटांनी थांब म्हणत होते, आणि गाडी असल्याचा खरा फायदा तोच. बस कुठे थांबणार आहे बाबांसाठी.

याच खोऱ्यात त्या महायुद्धाची मोठी आघाडी होती, आणि वरचा वर्शिच घाटही त्या युद्धातच बांधला गेला, ऑस्ट्रियाच्या कैदेतल्या रशियन सैनिकांकडून. १९१६ च्या मार्चमध्ये हिमस्खलन होऊन त्यातले कितीतरी गेले. त्यांच्या आठवणीतलं लाकडी चॅपल उतारावर आहे, तिथे जरूर थांबा, आम्ही खूप वेळ शांत उभे होतो. घाटात ५० वळणं, प्रत्येकाला नंबर आणि उंचीची पाटी, माथा १६११ मीटर, आणि पलीकडच्या क्रान्स्का गोरा गावाच्या बाजूच्या वळणांवर अजून दगडी फरशी आहे, पाऊस असेल तर अगदी सावकाश उतरा. हिवाळ्यात घाट बंद असतो. ती गाडी वाहणारी ट्रेनही दुरुस्तीच्या कामासाठी अधूनमधून बंद असते, त्यामुळे बेत आखतानाच वेळापत्रक बघून ठेवा.

आता कागदपत्रांचं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघायच्या आधी आपल्या आरटीओमधूनच काढावं लागतं, तिकडे जाऊन मिळत नाही, आणि ते एक वर्ष चालतं. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, डिपॉझिट त्यावर अडकवतात, डेबिट कार्डाला बरेच काउंटर नाही म्हणतात. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर खूप आधी बुक करा, कमी असतात आणि महाग पडतात, पण उजव्या बाजूने पहिल्यांदा चालवताना डाव्या-उजव्याचा आणि गियरचा असे दोन्ही गोंधळ एकदम नकोत. आणि गाडी घ्यायची वेळ रविवारी ठेवू नका, छोट्या गावातले काउंटर शनिवारी दुपारीच बंद होतात.

चौथ्या दिवशी सकाळी ल्युब्ल्यानात टाकी भरून, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून किल्ली परत दिली. अकराची व्हेनिसची बस होती, बाबा खिडकीशी बसले आणि सीमा कधी गेली ते आम्हाला कळलंच नाही.